दुसरा राउटर नेमके कोणाचे रक्षण करतो?

प्रति,
मा. संपादक,
सोलापूर

विषय : घरी नेटवर्कचे प्रयोग करणाऱ्यांनी प्रयोगाचे जाळे घरच्या जाळ्यापासून वेगळे ठेवण्याबाबत

महोदय,

सोलापुरातील पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शाखेला शिकणारी मुले आता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळणाऱ्या तासाभरावर भागवत नाहीत. नातलगाच्या दुकानातून निघालेला जुना डेस्कटॉप, ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून आणलेला वापरलेला राउटर, जमल्यास एखादा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) आणि यंत्रे तारेने जोडायला पाच पोर्टचा स्विच एवढ्या सामानावर ती घरातच प्रयोगशाळा मांडतात आणि तिला ‘होम लॅब’ म्हणतात. त्यावर लिनक्सचा सर्व्हर चढवला जातो, वेबसाइट चालवून पाहिली जाते, आणि सुरक्षेचा अभ्यास करणारी मुले तर मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या यंत्रणेत शिरकाव कसा होतो हेही करून पाहतात. मी नेटवर्किंग शिकवतो, आणि अशी लॅब असलेला विद्यार्थी मुलाखतीत किती वेगळा उठून दिसतो ते मला ठाऊक आहे. त्यामुळे पालकांनी याला रिकामा उद्योग समजू नये, अशी माझी विनंती आहे. प्रश्न उभा राहतो तो ही लॅब घरातल्या चालू वाय-फायलाच जोडली जाते तेव्हा. त्यावर ‘दुसरा राउटर लावून टाक’ हा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला खोटा नाही, पण तो अर्धाच दिला जातो आणि राहिलेल्या अर्ध्या भागामुळे घर सुरक्षित असल्याचा समज होऊन बसतो, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी घरच्या जाळ्यावर असते तरी काय, ते पाहू. आई-वडिलांचे मोबाइल असतात व त्यांवर बँकेची आणि यूपीआयची ॲप असतात. टीव्ही असतो, प्रिंटर असतो, आणि अलीकडे जिन्यात व फाटकावर लावलेल्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डरही असतो. आपल्या शहरात याशिवाय आणखी एक गोष्ट आहे. पूर्व भागात आणि इतरत्रही घर व धंदा एकाच आवारात असण्याची रीत जुनी आहे. खाली यंत्रमाग किंवा शिलाईचे काम आणि वर राहणे, अशी असंख्य घरे आहेत. चादरी आणि टॉवेलच्या ऑर्डरी, सुताचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे ज्या संगणकावर असतात, तोही त्याच वाय-फायवर चालतो. मुंबई-पुण्यातील फ्लॅटमध्ये लॅबमुळे काही बिघडले तर फार तर एका कुटुंबाची अडचण होते. इथे चार-दहा कामगारांच्या पगाराची यादी असलेला संगणक त्याच तारेवर असू शकतो.

आता दुसऱ्या राउटरची जोडणी. फायबरची पेटी, म्हणजे इंटरनेट जोडणी देणाऱ्याने भिंतीवर लावलेला पहिला राउटर, आहे तसाच राहतो. त्याच्या मागच्या लॅन (आतल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टांपैकी एकातून केबल काढायची आणि ती दुसऱ्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टात लावायची. हा पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचा असतो. लॅबमधील सारी यंत्रे या दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टांना किंवा त्याला जोडलेल्या स्विचला लावायची. दोन्ही राउटरांचे पत्ते (जाळ्यातील प्रत्येक यंत्राला मिळणारे ओळखीचे आकडे) मात्र एकाच मालिकेतील असता कामा नयेत. घरचे जाळे १९२.१६८.१ ने सुरू होत असेल तर लॅबला १९२.१६८.५० किंवा १०.२०.३० अशी दुसरी मालिका द्यावी. दोन्ही बाजूंना एकच मालिका राहिली तर पत्ता आपल्या आतला की बाहेरचा हे दुसऱ्या राउटरला ठरवता येत नाही आणि लॅबमधून इंटरनेट चालत नाही. काही राउटर हा घोळ ओळखून आपली मालिका आपोआप बदलतात, काही बदलत नाहीत.

केबल वॅनऐवजी लॅन पोर्टात लागली तर होणारा गोंधळ अधिक त्रासाचा असतो, कारण तो लॅबपुरता राहत नाही. प्रत्येक राउटर जोडल्या जाणाऱ्या यंत्रांना पत्ते वाटत असतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. लॅन पोर्टात केबल लावली की दोन जाळ्यांचे एकच जाळे होते आणि त्यात पत्ते वाटणारे दोघे होतात. घरातल्या ज्या मोबाइलला पहिल्या राउटरकडून पत्ता मिळतो त्याचे नेट चालते, ज्याला दुसऱ्याकडून मिळतो तो वाय-फायला जोडलेला दिसतो पण त्याचे काहीच उघडत नाही, कारण दुसऱ्या राउटरचा वॅन पोर्ट रिकामाच असतो. मग सारे घर इंटरनेट कंपनीच्या नावाने बोटे मोडत बसते.

एवढी जोडणी नीट झाली की बहुतेकांच्या लेखी काम संपते. माझ्या मते खरा प्रश्न इथून पुढे आहे.

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीतील पत्ता ३२ बिटांचा असतो आणि त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते निघतात. जगातील यंत्रांना ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकातच ध्यानात आले होते. म्हणून १९९६ मध्ये तीन मालिका खासगी वापरासाठी राखून ठेवण्यात आल्या : १० ने सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतची, आणि आपल्या सर्वांच्या ओळखीची १९२.१६८ ची. घराघरांत हेच पत्ते पुन्हा पुन्हा वापरले जातात आणि बाहेर जाताना राउटर त्या साऱ्यांच्या जागी आपला एकच पत्ता लावतो. या अदलाबदलीला नॅट म्हणतात. आतल्या यंत्राने बाहेर विचारणा केली की राउटर तिची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की नोंद पाहून ते त्या यंत्राकडे पोहोचवतो. बाहेरून कोणी आपणहून काही पाठवले, तर त्याची नोंद कुठेच नसते. ते आत कोणाला द्यायचे हे ठरत नाही आणि राउटरचा फायरवॉलही (येणारी-जाणारी वाहतूक गाळणारा पहारेकरी) ते टाकून देतो. हे आतून कडी असलेल्या दारासारखे आहे : आतला माणूस हवे तेव्हा बाहेर पडतो, बाहेरच्याला आपणहून आत येता येत नाही.

आपल्या जोडणीत या दाराच्या आत लॅब आहे आणि बाहेर घर आहे. म्हणजे घरातला मोबाइल किंवा टीव्ही लॅबमध्ये शिरू शकत नाही. लॅबमधले यंत्र मात्र घराच्या जाळ्यात बिनदिक्कत जाऊ शकते. आपण ज्याला धोकादायक समजून वेगळे काढले, त्याचेच रक्षण झाले आणि ज्याचे रक्षण करायचे होते ते उघडे राहिले. एखाद्या कच्च्या यंत्रणेला बाहेरच्यांपासून जपायचे असेल तर ही मांडणी चांगलीच आहे, आणि केवळ वेबसाइट चालवून पाहणाऱ्याला तेवढी पुरते. पण सुरक्षेचे प्रयोग करणाऱ्याचा हेतू सहसा उलटा असतो.

हे कसे घडते ते एका उदाहरणाने सांगतो. लॅबमधील संगणकाचा पत्ता १९२.१६८.५०.१० आहे आणि त्याने १९२.१६८.१.२५ या पत्त्याशी, म्हणजे घरातील कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरशी, बोलायचे ठरवले. हा पत्ता आपल्या मालिकेतला नाही हे पाहून तो मजकूर दुसऱ्या राउटरकडे देतो. दुसऱ्या राउटरचा वॅन पोर्ट स्वतःच घरच्या जाळ्यात बसलेला आहे, त्याला तिथे १९२.१६८.१ चाच एखादा पत्ता मिळालेला आहे, त्यामुळे तो मजकूर थेट रेकॉर्डरला नेऊन देतो आणि पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता लावतो. रेकॉर्डरच्या दृष्टीने ही घरातल्याच एका यंत्राची विचारणा असते. तो उत्तर देतो. रेकॉर्डरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच असेल, तर पुढचे सांगायला नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या उपद्रवी प्रणालीने कारखान्याचे नाव-पासवर्ड असलेल्या साधारण ६० जोड्यांची यादी घेऊन जगभरातील कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले होते आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली होती. मिराई इंटरनेटवर उघड्या पडलेल्या यंत्रांच्या मागे होती; पण घरातल्या रेकॉर्डरचा पासवर्ड बदललेला नसेल तर तीच यादी लॅबमधूनही चालेल.

इथे दुसऱ्या राउटरच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेला वॉनाक्राय हा किडा शिरलेल्या संगणकाच्या जाळ्यातील शेजारी यंत्रे शोधून ४४५ क्रमांकाच्या पोर्टातून (हा पोर्ट म्हणजे केबलची खाच नव्हे, तर यंत्रावरील सेवेचा क्रमांकित दरवाजा) त्यांत घुसत होता. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा उपाय मार्चमध्येच दिला होता, पण तो लाखो संगणकांवर बसवलेला नव्हता. घराच्या आत अशा किड्याची नजर मुख्यतः आपल्या मालिकेवर असते, त्यामुळे लॅबची मालिका वेगळी असण्याचा एवढ्यापुरता उपयोग होतो. त्याहून रुंद नजर असलेला किडा किंवा कीबोर्डवर बसून ‘१९२.१६८ ची सगळी मालिका तपासून पाहू’ म्हणणारा उत्साही विद्यार्थी मात्र नुसत्या वेगळ्या मालिकेने थांबत नाही.

यावर तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे मांडणी उलटी करणे : घरची सारी यंत्रे दुसऱ्या राउटरच्या आत घ्यायची आणि लॅब पहिल्या राउटरवर ठेवायची. दार मग योग्य दिशेला लागते. पण त्यासाठी पहिल्या राउटरचे घरचे वाय-फाय बंद करून घरातल्या प्रत्येक मोबाइलला नव्या वाय-फायवर आणावे लागते, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरची तार हलवावी लागते, आणि आजी-आजोबांच्या टीव्हीत पासवर्ड पुन्हा भरून द्यावा लागतो. त्याहून मोठी उणीव आत दडलेली आहे. घराची सारी वाहतूक आता लॅबच्या जाळ्यातून बाहेर जाते. एकाच जाळ्यातील यंत्रे एकमेकांना शोधताना एआरपी नावाची पद्धत वापरतात आणि तिच्यात सांगणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नाही. लॅबमधील एखादे यंत्र ‘पहिला राउटर मीच’ असे दुसऱ्या राउटरला सांगू शकते आणि तो विश्वास ठेवतो. बँकेचा व्यवहार एचटीटीपीएसमुळे कुलूपबंद असल्याने वाचता येत नाही, तरी घरातले कोण कोणत्या संकेतस्थळावर जाते हे दिसू शकते, आणि सारी वाहतूक अडवताही येते.

दुसरी वाट मला सर्वांत व्यवहार्य वाटते. लॅब दुसऱ्या राउटरच्या आतच ठेवायची आणि त्या राउटरच्या फायरवॉलमध्ये एक नियम घालायचा : लॅबमधून निघून १९२.१६८.१ च्या मालिकेकडे जाणारे सर्व काही टाकून द्यावे, बाकीचे इंटरनेटवर जाऊ द्यावे. इंटरनेटकडे जाणारा मजकूर पहिल्या राउटरच्या हातातून जात असला तरी त्यावर पत्ता दूरच्या सर्व्हरचा असतो, त्यामुळे हा नियम त्याला अडवत नाही. अडचण असते ती एकच. लॅबमधील संगणकांना नावावरून पत्ता शोधण्यासाठी, म्हणजे डीएनएससाठी, थेट पहिला राउटर नेमून दिलेला असेल तर नियम लागताच त्यांचे नेट बंद पडल्यासारखे वाटते. अशा वेळी त्यांना दुसरा राउटर किंवा १.१.१.१, ९.९.९.९ यांसारखी सार्वजनिक सेवा नेमून द्यावी. हजार-दीड हजार रुपयांच्या साध्या राउटरमधील मूळ सॉफ्टवेअरमध्ये असा नियम घालण्याची सोय बहुधा नसते, किंवा असली तरी ती ‘पालकांचे नियंत्रण’ अशा भलत्याच सदरात लपलेली असते. तेव्हा २००४ पासून मुक्तपणे उपलब्ध असलेली ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली राउटरवर चढवता येते. मात्र जुना राउटर विकत घेण्यापूर्वी त्याचे नेमके मॉडेल आणि आवृत्ती त्या प्रणालीच्या यादीत आहे का ते पाहावे, आणि १६ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा) व १२८ एमबी रॅमपेक्षा कमी असलेला राउटर या कामासाठी घेऊ नये. खोक्यावरचे नाव एकच असले तरी आवृत्तीगणिक आतली चिप बदललेली असते, हे दुकानदार सांगत नाही.

तिसरी वाट तीन राउटरांची. पहिल्या राउटरला दोनच केबल लावायच्या, एक घराच्या राउटरची आणि एक लॅबच्या राउटरची. इतर काहीही त्याला जोडायचे नाही आणि त्याचे वाय-फाय बंद ठेवायचे. लॅबमधून बाहेर पडलेले यंत्र घराच्या राउटरच्या बंद दारापर्यंतच पोहोचते, आणि लॅबचा राउटर मध्ये असल्याने एआरपीची फसवणूकही पलीकडे जात नाही. कोणतेही खास सॉफ्टवेअर न शिकता हे साधते. खर्च आणि तारांचा पसारा तेवढा वाढतो. आवारात धंद्याचा संगणक असलेल्या घराने हाच मार्ग धरावा, असे मी सुचवीन. तिथे तिसऱ्या राउटरची किंमत किरकोळ आहे.

गेस्ट वाय-फाय वापरून हे सारे टाळता येईल का, असे विद्यार्थी विचारतात. पाहुण्यांच्या मोबाइलसाठी ती सोय उत्तम आहे, पण तिच्यावरची यंत्रे बहुधा एकमेकांनाही दिसत नाहीत आणि लॅबचा तर सारा अभ्यास यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याचा असतो. व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे आभासी वेगळे भाग पाडण्याची पद्धत, हे याचे खरे शास्त्रशुद्ध उत्तर. १९९८ पासून त्याचे प्रमाणित मानक आहे आणि एकाच स्विचवर अनेक जाळी वेगळी ठेवता येतात. पण भिंतीवरच्या पेटीत त्याची सोय ग्राहकाच्या हाती क्वचितच असते. ज्या मुलाकडे एकच बऱ्यापैकी संगणक आहे, त्याने राउटरच्या फंदात न पडता व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन आभासी संगणक ‘इंटरनल नेटवर्क’वर चालवावेत. त्यांना घरचे जाळेही दिसत नाही आणि इंटरनेटही नाही, आणि सुरक्षेच्या पहिल्या वर्षभराच्या अभ्यासाला तेवढे पुष्कळ आहे. तिथे ‘ब्रिज्ड’ हा पर्याय निवडला की आभासी संगणक थेट घरच्या जाळ्यावर येऊन बसतो, एवढे ध्यानात ठेवावे.

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, विसरून चालणार नाही. त्यात पत्ता १२८ बिटांचा असतो, पत्त्यांची टंचाई नसते, आणि त्यामुळे सहसा नॅटही नसते. आपल्याकडील अनेक जोडण्यांवर आयपीव्ही६ आपोआप सुरू असते. वर सांगितलेला नियम केवळ १९२.१६८ च्या मालिकेसाठी घातला आणि दुसरा राउटर आयपीव्ही६ जसेच्या तसे पुढे सोडत असेल, तर सारी मेहनत एका बाजूने वाया जाते. समजेपर्यंत लॅबच्या राउटरवर आयपीव्ही६ बंद ठेवावे. समजल्यावर त्याचे वेगळे नियम घालून सुरू करावे.

जोडणी झाल्यावर ती तपासण्याची सवय मुलांना नसते, आणि जे तपासतात ते बहुधा पिंग करून (म्हणजे यंत्राला हाक मारून उत्तर येते का पाहून) समाधान मानतात. लॅबमधून घरातल्या लॅपटॉपला पिंग केले आणि उत्तर आले नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण विंडोजचा स्वतःचा फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तरच देत नाही. त्याऐवजी नियम घालण्यापूर्वी लॅबमधील ब्राउझरमध्ये घरच्या प्रिंटरचा किंवा रेकॉर्डरचा पत्ता टाकून त्याचे पान उघडते हे पाहावे, मग नियम घालावा, आणि तेच पान आता उघडत नाही पण बाहेरचे संकेतस्थळ उघडते, याची खात्री करावी. शेवटी पहिल्या राउटरचे लॉगिन पान लॅबमधून उघडून पाहावे. तेही उघडता कामा नये. हे पान अनेकांच्या ध्यानात राहत नाही, आणि घराच्या साऱ्या किल्ल्या तर तिथेच असतात. अर्थात ही तपासणी स्वतःच्या घरातल्या यंत्रांवर आणि घरच्यांना सांगूनच करावी.

महाविद्यालयात बसून घरची लॅब वापरता यावी, ही इच्छा पुढच्याच आठवड्यात उत्पन्न होते. दोन राउटर असल्याने पोर्ट दोन ठिकाणी उघडावा लागतो, आणि तरीही बऱ्याचदा काम होत नाही. पहिल्या राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर जोडणी देणाऱ्याने आपल्याकडेही एक नॅट लावलेले आहे असे समजावे. २०१२ मध्ये हा पट्टा त्याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीत बाहेरून आत येणे ग्राहकाच्या हातात राहतच नाही. मुले यावर चिडतात, पण शिकाऊ लॅबचे पोर्ट इंटरनेटवर उघडे पडत नाहीत हा त्यातला फायदाच आहे. असे नॅट नसेल आणि बाहेरून येणे आवश्यकच असेल तर वायरगार्डसारख्या व्हीपीएनने (कुलूपबंद खासगी वाटेने) यावे. रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा, ३३८९ पोर्ट उघडून ठेवू नये.

पालकांना कायद्याची बाजूही माहीत असावी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्या संगणकात किंवा जाळ्यात शिरणे हा गैरप्रकार आहे, आणि तो अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शेजाऱ्याच्या वाय-फायवर ‘फक्त करून पाहिले’ हा बचाव नाही. जोडणी ज्याच्या नावावर आहे, म्हणजे बहुधा वडिलांच्या, विचारणा आधी त्याच्याकडे होते. स्वतःच्या यंत्रांवर, स्वतःच्या वेगळ्या जाळ्यात प्रयोग करणारा विद्यार्थी या बाजूनेही निर्धास्त असतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार करून विजेविषयी दोन शब्द. पारा चाळिशीच्या पुढे असताना पत्र्याच्या खोलीत जुना डेस्कटॉप रात्रंदिवस चालवू नये. सरासरी ८० वॉट घेणारा संगणक महिनाभर अखंड चालला तर सुमारे ५८ युनिट वीज खातो. तेच काम पाच वॉटच्या लहान बोर्डावर बसत असेल तर चार युनिटही लागत नाहीत. राउटर भिंतीवर मोकळ्या हवेत लावावा, कपाटाच्या खणात कोंबू नये.

महाविद्यालयांना माझी सूचना अशी की, नेटवर्किंगच्या प्रात्यक्षिकात दोन राउटरांची ही जोडणी घ्यावी आणि दोन्ही बाजूंनी तपासून दाखवण्यास विद्यार्थ्याला सांगावे. आज नॅटची व्याख्या परीक्षेत बिनचूक लिहिणारा विद्यार्थी, लॅबमधून घरचा प्रिंटर दिसेल का, या प्रश्नावर अडखळतो. वापरलेले दोन राउटर आणि दोन केबल एवढ्यात हे प्रात्यक्षिक होते.

शहरात इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपन्यांना आणि त्यांच्या स्थानिक चालकांनाही एक विनंती आहे. काही ठिकाणी पहिल्या राउटरचा व्यवस्थापनाचा पासवर्ड ग्राहकाला दिला जात नाही, आणि विचारला तर तंत्रज्ञच उद्या येऊन बदलून देईल असे उत्तर मिळते. राउटरचे वाय-फाय बंद करणे, वॅनचा पत्ता पाहणे किंवा पेटी ब्रिज मोडवर टाकून ग्राहकाच्या स्वतःच्या राउटरकडे सूत्रे देणे, यांतील काहीही त्यामुळे ग्राहकाला करता येत नाही. तोच पासवर्ड एका भागातील अनेक घरांत सारखा ठेवलेला असेल तर तो गुप्त राहतो असे समजणेही भाबडेपणाचे आहे. प्रत्येक जोडणीला वेगळा पासवर्ड असावा, तो ग्राहकाला लेखी मिळावा, आणि ब्रिज मोड मागितल्यास तो कोणत्या अटींवर मिळेल हे जोडणीच्या वेळीच सांगावे. पैसे भरल्याच्या पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एवढा मजकूर सहज छापता येईल.

आपला नम्र,
एक नेटवर्किंग शिक्षक
जुळे सोलापूर, सोलापूर